पावलं कुठे अडली?

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ला महासाथ म्हटलं. त्यानंतरच्या तीस दिवसांत जगभरातल्या माणसांची रोजची पावलं सरासरी १,४३२ने, म्हणजे सुमारे २७ टक्क्यांनी घटली. हे गणित ‘आर्गस’ नावाच्या मोबाइल अ‍ॅपमधल्या नोंदींवरून मांडलेलं आहे. त्यात १८७ देशांतले साडेचार लाखांवर वापरकर्ते होते आणि ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात ते त्याच वर्षी छापून आलं. सरासरीपेक्षा बोलका आहे तो देशादेशांतला फरक. इटलीत पावलं जास्तीत जास्त ४८.७ टक्क्यांनी खाली आली, स्वीडनमध्ये ६.९ टक्क्यांनी. इटलीची माणसं स्वीडनच्या माणसांपेक्षा सातपट आळशी आहेत, असं कोणी म्हणणार नाही. इटलीत साथीचा तडाखा मोठा होता आणि घराबाहेर पडण्यावर कडक बंदी होती. स्वीडनने बव्हंशी सल्ल्यांवर भागवलं. शिवाय या सगळ्यांनी पावलं मोजणारं अ‍ॅप आपणहून फोनवर घेतलेलं होतं, म्हणजे चालण्याची हौस किंवा निदान काळजी त्यांना आधीपासून होती. हौशी माणसांची ही गत, तर बाकीच्यांबद्दल बोलायलाच नको.

व्यायामाविषयी आपण बोलतो तेव्हा बोलणं फिरून फिरून निर्धारावर येतं. पहाटेचा गजर, आळस झटकणं, ‘मनावर घेतलं की होतं’ अशी सगळी भाषा माणसाच्या आतल्या गोष्टींची. महासाथीने मात्र न ठरवता एक प्रचंड प्रयोग करून दाखवला. माणसं तीच राहिली, त्यांची मनं तीच राहिली. बदलली ती रस्त्यांची, वेळांची आणि परवानग्यांची रचना. हालचाल कोसळली ती त्या बदलासरशी, काही दिवसांत. प्रौढ माणूस हिंडता-फिरता राहतो की नाही हे ठरवण्यात इच्छाशक्तीचा वाटा आपण मानतो त्याहून बराच कमी आहे आणि जवळच्या मोकळ्या जागेचा, मोकळ्या वेळेचा, मुभेचा वाटा बराच जास्त आहे, असं या काळातले पुरावे सांगतात.

थोडे दिवस कमी चाललं तर एवढं काय बिघडतं, ही शंका रास्त आहे. डेन्मार्कमध्ये महासाथीच्या दहा वर्षं आधी दहा धडधाकट तरुणांना रोजच्या साडेदहा हजार पावलांवरून जेमतेम साडेतेराशेवर आणलं गेलं. दोन आठवड्यांत त्यांची दमसासाची क्षमता ७ टक्क्यांनी घटली, पायांतला स्नायूंचा भार जवळपास ३ टक्क्यांनी उतरला आणि इन्शुलिनला शरीर देत असलेला प्रतिसाद १७ टक्क्यांनी मंदावला. हे तरुणांचं झालं. साठीतल्या मधुमेही माणसाला हीच किंमत किती महाग पडेल याचा अंदाज बांधायला डॉक्टर असावं लागत नाही. दुसरा पुरावा थेट कोविडचा आहे. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या आरोग्यसेवा संस्थेने आपल्या ४८,४४० कोविडग्रस्त प्रौढांच्या नोंदी तपासल्या. साथीआधीची दोन वर्षं जे सातत्याने निष्क्रिय होते, त्यांच्यात रुग्णालयात दाखल होण्याची शक्यता नियमित व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत २.२६ पट आणि मृत्यूची २.४९ पट आढळली. व्यायामाची माहिती रुग्णांनीच सांगितलेली होती आणि हा अभ्यास निरीक्षणाचा होता, त्यामुळे कार्यकारणाचा शिक्का त्यावर मारता येत नाही. तरी ज्या आजाराला अडवण्यासाठी लोकांना घरात बसवलं, त्याच आजारात घरबसलेपणा धोक्याचा ठरत असावा, ही शक्यता धोरण आखणाऱ्याने नजरेआड करावी इतकी किरकोळ नाही.

आता आपल्याकडचं पाहू, कारण भारतातली गोष्ट युरोपातल्या गोष्टीपेक्षा मुळातच वेगळी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या पाहणीचे शारीरिक हालचालींबद्दलचे निष्कर्ष २०१४ साली आले. महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड इथल्या चौदा हजारांवर लोकांची ती पाहणी होती. त्यातले ५४ टक्के लोक निष्क्रिय गटात मोडले. त्याहून महत्त्वाचं म्हणजे फावल्या वेळात, हौसेने किंवा आरोग्यासाठी काही हालचाल करणारे १० टक्क्यांहून कमी निघाले. उरलेले जे काही हलत होते ते कामापायी आणि प्रवासापायी. व्यायाम म्हणून त्याची नोंद कोणाच्याच मनात नव्हती. मुंबईच्या नोकरदाराचं उदाहरण घ्या. घर ते स्टेशन, पूल चढणं-उतरणं, गर्दीत तासभर उभं राहणं, उतरून कार्यालयापर्यंत चालणं, संध्याकाळी उलट क्रमाने तेच. मार्च २०२०च्या चौथ्या आठवड्यात लोकल थांबल्या. जूनमध्ये त्या अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी आणि ऑक्टोबरमध्ये महिलांसाठी सुरू झाल्या. सर्वसामान्य प्रवाशांना, तेही ठरावीक वेळांत, १ फेब्रुवारी २०२१पासून प्रवेश मिळाला. दहा महिने ज्याचं कार्यालय जेवणाच्या टेबलावर आलं, त्याने कुठलाही व्यायाम ‘सोडला’ नव्हता. त्याच्या दिवसातून चालणं परस्पर काढून घेतलं गेलं आणि ते गेल्याचं त्याला विजारीच्या पट्ट्यावरूनच कळलं. ज्याने कधी ठरवून व्यायाम केला नाही, त्याच्याकडून त्याची भरपाई ठरवून होईल ही अपेक्षाच भाबडी होती.

ठरवून करणाऱ्यांचं काय झालं ते मात्र प्रत्येक देशाच्या हुकमांवर अवलंबून राहिलं. ब्रिटनने २३ मार्च २०२०ला टाळेबंदी लावतानाच दिवसातून एकदा धावायला, चालायला किंवा सायकल चालवायला बाहेर पडण्याची मुभा ठेवली. फ्रान्सने घरापासून एक किलोमीटर आणि एक तास अशी मर्यादा घातली आणि सोबत स्वतः भरलेला परवाना बाळगायला लावला. पॅरिसने पुढे सकाळी दहा ते संध्याकाळी सात या वेळेत धावण्यावर बंदी आणली. स्पेनने प्रौढांचा बाहेरचा व्यायाम सरसकट बंद केला आणि तब्बल सात आठवड्यांनी, २ मेला, वयानुसार वेळा वाटून पुन्हा सुरू केला. आपल्याकडच्या पहिल्या टाळेबंदीत किराणा, दूध, औषधं यांच्या यादीत फिरणं कुठेच नव्हतं. एप्रिल २०२०मध्ये पुण्याच्या बिबवेवाडी भागात पोलिसांनी मॉर्निंग वॉकला निघालेल्यांना रस्त्यावरच योगासनं करायला लावली. शिक्षा म्हणून व्यायाम, तोही व्यायामाला निघाल्याबद्दल! महाराष्ट्राने ‘मिशन बिगिन अगेन’खाली ३ जूनपासून पहाटे पाच ते संध्याकाळी सात या वेळेत मैदानं, बागा, समुद्रकिनारे चालण्या-धावण्यासाठी खुले केले. त्या आदेशात सायकलची खास शिफारस होती, कारण सायकलवर अंतर आपसूक राखलं जातं. पण महिनाअखेरीस मुंबई पोलिसांनी घरापासून दोन किलोमीटरची सीमा आखली. ज्याच्या दोन किलोमीटरच्या आत शिवाजी पार्क किंवा मरीन ड्राइव्ह येतं त्याला या सीमेचा काच नव्हता. गोवंडीत किंवा धारावीत राहणाऱ्याच्या दोन किलोमीटरमध्ये काय येतं, हा प्रश्न त्या नियमाला पडला नव्हता.

यावर सरळ आक्षेप येतो की तेव्हा जीव वाचवायचे होते, व्यायामाचे लाड कोण पुरवणार? संसर्गाची भीती खोटी नव्हती. दक्षिण कोरियातल्या चोनान शहरात फेब्रुवारी-मार्च २०२०मध्ये झुंबासारख्या नृत्य-व्यायामाच्या वर्गांतून साथ पसरली आणि बारा ठिकाणांशी जोडलेले ११२ रुग्ण सापडले. वर्ग लहान खोल्यांत, दाटीवाटीने, पन्नास मिनिटं धापा टाकत चालायचे. तेव्हा बंदिस्त जिम बंद ठेवणं हा निर्णय तर्काला धरून होता. पण त्याच कोरियन अहवालात दुसरी नोंद आहे. संसर्ग झालेली एक प्रशिक्षक त्याच काळात सात-आठ जणांना योग आणि पिलाटेस शिकवत होती; तिच्या त्या विद्यार्थ्यांपैकी कोणालाही लागण झाली नाही. म्हणजे धोका ‘व्यायाम’ या गोष्टीला चिकटलेला नव्हता. तो बंद हवा, गर्दी आणि जोराचा श्वास यांच्या बेरजेत होता. उघड्यावरचा हिशेब तर आणखी स्पष्ट आहे. आयर्लंडमध्ये मार्च २०२१च्या अखेरीपर्यंतच्या २,३२,१६४ रुग्णांपैकी २६२ जणांची लागण बाहेर, मोकळ्यावर झाल्याचं नोंदलं गेलं, म्हणजे हजारात साधारण एक. लागण कुठे झाली हे शोधणं अवघड असतं, म्हणून हा आकडा कमी धरला गेला असेल असं मानून तो दहापट केला, तरी बाग बंद करण्याचं समर्थन त्यातून होत नाही. मार्च २०२०मध्ये हे कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे तेव्हाच्या अधिकाऱ्यांना आज दोष देणं अन्यायाचं आहे. माहिती आल्यानंतरही नियम तसेच राहिले, त्याला मात्र ही सबब लागू होत नाही. महाराष्ट्रात बार आणि उपाहारगृहं ५ ऑक्टोबर २०२०ला उघडली, व्यायामशाळा दसऱ्याच्या मुहूर्तावर २५ ऑक्टोबरला. दोन्ही बंदिस्त जागाच. बारमध्ये मास्क काढूनच बसावं लागतं हे लक्षात घेतलं, तर या क्रमामागे साथीचं शास्त्र शोधण्यात अर्थ नाही. महसुलाचं शास्त्र शोधावं.

खरा अवघड आक्षेप वेगळा आहे आणि तो ब्रिटनमधूनच येतो. तिथे मुभा होती, बागा बहुतेक उघड्या होत्या, वसंतातली हवा होती. तरीही ‘स्पोर्ट इंग्लंड’च्या पाहणीनुसार मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधल्या सक्रिय प्रौढांची संख्या आदल्या वर्षाच्या त्याच काळापेक्षा तीस लाखांहून अधिकने घटली. मग मुभेचं एवढं कौतुक कशाला? शेवटी प्रश्न मनाचाच नाही का? आकड्यांच्या आत डोकावलं की उत्तर वेगळं दिसतं. त्या दोन महिन्यांत हौसेने सायकल चालवणारे वाढले. घसरण झाली ती पोहण्याचे तलाव, जिम, सांघिक खेळ यांच्यावर विसंबलेल्यांत, म्हणजे ज्यांचा व्यायाम एखाद्या इमारतीला आणि तिथे भेटणाऱ्या माणसांना बांधलेला होता त्यांच्यात. सवय कशी जडते याचा लंडनमधला २०१०चा अभ्यास इथे उपयोगी आहे. ९६ जणांनी एखादी नवी गोष्ट दिवसातल्या ठरलेल्या खुणेशी, म्हणजे नाश्त्यानंतर, जेवणाआधी अशी, जोडून करून पाहिली. ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, कोणाच्या बाबतीत हिशेब २५४पर्यंत गेला. सवय म्हणजे अशी खूण आणि कृती यांची गाठ. कार्यालयातून परततानाचं जिम, कॉलेज सुटल्यावरचं बॅडमिंटन कोर्ट, कोल्हापुरातल्या पोरांची पहाटेची तालीम या सगळ्यांतली खूण टाळेबंदीने कापली. कृती करण्याची इच्छा शाबूत असूनही तिला सुरू करणारा धक्का उरला नाही. नवी गाठ बसायला दोन-तीन महिने लागतात आणि तोवर नियम तीनदा बदललेले असायचे.

म्हणूनच ज्यांच्या व्यायामाला जागा, साधन, जोडीदार यांतलं काहीच लागत नव्हतं ते तगले. सूर्यनमस्कार, दंड-बैठका हे महाराष्ट्राच्या घराघरांत माहीत असलेले प्रकार सहा बाय तीन फुटांत मावतात. औंध संस्थानच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी शतकभरापूर्वी सूर्यनमस्कारांचा जो ध्यास घेतला होता, त्याचं व्यावहारिक मोल २०२०मध्ये नव्याने कळलं. त्या वर्षीच्या आंतरराष्ट्रीय योगदिनाचं घोषवाक्यही घरी आणि कुटुंबासोबत योग असंच होतं. गच्ची असलेल्या इमारतींत संध्याकाळी लोक फेऱ्या मारू लागले. जिथे सोसायटीने गच्चीला कुलूप लावलं तिथे तेही थांबलं. पण इथेही जागेचा मुद्दा सुटत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सहा माणसं दिवसभर असताना सहा बाय तीन फूट रिकामे करायचे तर कोणालातरी बाहेर उभं राहावं लागतं, आणि बाहेर उभं राहायला बंदी. ऑनलाइन वर्गांचं पेव फुटलं, त्यांचा उपयोगही झाला. तो ज्यांच्याकडे स्वतःची खोली, चांगलं इंटरनेट आणि दार लावून घेण्याची सोय होती त्यांना. मानसशास्त्रज्ञ सुझन मिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११मध्ये माणसाच्या वागण्याची जी मांडणी केली, तीत क्षमता, संधी आणि प्रेरणा असे तीन घटक आहेत. तिन्ही जुळले तर कृती घडते. आपल्याकडचे आरोग्यसल्ले जवळपास सगळे तिसऱ्या घटकाला उद्देशून असतात. महासाथीत तुटवडा होता तो दुसऱ्याचा.

संधीचा सर्वांत विषम वाटा स्त्रियांच्या पदरी आला. २०१९मध्ये झालेल्या राष्ट्रीय कालविनियोग पाहणीनुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर रोज सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या आणि जे पुरुष घरकाम करत होते तेही ९७ मिनिटंच. हे साथीआधीचं. त्यात २०२०मध्ये धुणं-भांड्याला येणाऱ्या बायकांना सोसायट्यांनी दार बंद केलं, मुलांची शाळा घरात आली, नवरा घरात आला, तिन्ही त्रिकाळ चूल पेटती राहिली. यावर हमखास ऐकू येणारं वाक्य असं की, घरकाम हाच उत्तम व्यायाम! जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२०मध्ये दिलेल्या नव्या शिफारशींत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सांगितली, घरकाम त्यात मोजलं आणि किमान दहा मिनिटं सलग हवीत ही जुनी अटही मागे घेतली. त्यामुळे वाक्य निखालस खोटं नाही. पण स्वयंपाक, भांडी, घड्या घालणं हे हलक्या हालचालीत मोडतं. जोर लावून केर काढणं, लादी पुसणं कुठे मध्यम पातळीला पोचतं. तीनशे मिनिटं राबलेल्या बाईचा दम वाढेलच असं नाही. कंबर मात्र नक्की धरते. हीच गत अंगमेहनतीच्या कामांची. दिवसभर ओझी वाहणाऱ्या हमालाला व्यायामाचे सगळे फायदे मिळत नाहीत, कारण त्याच्या कष्टांना त्याच्या मर्जीचा वेग नसतो आणि पुरेशी विश्रांती नसते. मे २०२०मध्ये शेकडो किलोमीटर चालत गावी निघालेल्या मजुरांच्या पावलांची नोंद कुठल्याही अ‍ॅपने ठेवली नाही. ठेवली असती तर महाराष्ट्राची सरासरी फसवी दिसली असती.

रस्ता बदलला की माणसंही हलतात, याचा चांगला दाखला त्याच वर्षी मिळाला. बोगोटा शहराने मार्च २०२०मध्येच मोटारींच्या मार्गिका तात्पुरत्या वेगळ्या काढून काही दिवसांत सुमारे ८० किलोमीटर सायकलमार्ग केले. युरोपातल्या १०६ शहरांच्या अभ्यासात असे तात्पुरते सायकलमार्ग केलेल्या शहरांत सायकलचा वापर सरासरी ११ ते ४८ टक्क्यांनी वाढलेला आढळला. बस-रेल्वेच्या भीतीने लोक तसेही सायकलकडे वळलेच असते, हा आक्षेप तिथे घेतला गेला होता. म्हणूनच संशोधकांनी मार्ग केलेल्या आणि न केलेल्या शहरांची तुलना करून मगच ही वाढ मोजली. लागलं काय, तर रंग, खांब आणि महापालिकेची सही. शहरं सायकलसाठी सोयीची करण्याच्या भारत सरकारच्या स्पर्धेत शंभरावर शहरं उतरली आणि निवडलेल्या अकरांत नागपूर व पिंपरी-चिंचवड होती. तिथल्या किती सायकलमार्गांवर आज दुचाकी उभ्या असतात, हे त्या शहरांत राहणाऱ्यांना विचारावं.

आणि दुसऱ्या लाटेत काय झालं? एप्रिल २०२१मध्ये महाराष्ट्रात ‘ब्रेक द चेन’च्या आदेशाने बागा, किनारे, मोकळ्या जागा पुन्हा बंद झाल्या. त्याच सुमारास आरोग्य विभाग घरी असलेल्या रुग्णांना सहा मिनिटं चालून ऑक्सिजनची पातळी घसरते का ते पाहायला सांगत होता. चालणं हे फुप्फुसांचं मोजमाप आहे हे एका विभागाला ठाऊक होतं, दुसऱ्याला नव्हतं. जूनमध्ये निर्बंधांची पाच स्तरांची पद्धत आली. तिसऱ्या स्तरातल्या जिल्ह्यांत मैदानं, चालणं, सायकल यांना पहाटे पाच ते नऊ एवढीच वेळ दिली. ही वेळ ठरवताना डोळ्यांसमोर निवृत्त गृहस्थ असावेत. चार तासांत सगळ्यांना कोंबल्यावर गर्दी टळण्याऐवजी वाढते, ही एक गोष्ट. दुसरी अशी की पहाटे पाच ते नऊ या वेळात बहुसंख्य घरांतली बाई पाणी भरत असते, चहा-नाश्ता करत असते, डबे भरत असते. तिला सवड मिळते ती दुपारी चार-पाचच्या पुढे, आणि तेव्हा मैदानाला कुलूप. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अंदाजानुसार २०२२मध्ये पुरेशी हालचाल नसलेल्या भारतीय पुरुषांचं प्रमाण ४२ टक्के आणि स्त्रियांचं ५७ टक्के होतं. पंधरा टक्क्यांची ही दरी साथीने तयार केलेली नाही, ती आधीची आहे. पण पुढच्या साथीचा आदेश लिहिताना संध्याकाळच्या दोन तासांची भर घालायला कुठलाही खर्च येत नाही, आणि संसर्गाच्या दृष्टीने मोकळ्या मैदानातली संध्याकाळ पहाटेइतकीच निर्धोक असते.